हललेले फोटो

बढतीसाठी स्वतःचं कौतुक स्वतःच लिहायचं, यापरीस वैतागवाणं काम दुसरं नाही. प्रोफेसर तर तो अर्ज भरता भरता पार कंटाळला होता. ‘आपल्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला?’ म्हणे. काय झाला, डोंबल! छातीच्या स्कॅनमध्ये गाठ शोधणारा एक प्रोग्रॅम केला, त्यावर ढीगभर निबंध छापले, आणि डोळ्यांची वाट लावून घेतली. त्यातला पहिलाच निबंध मात्र भलताच गाजला. जगभरचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा दाखला देत होते, आणि बढतीची सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

घरचं झालं थोडं, त्यात ताईचं दुखणं. ही थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं. हल्ली जिना चढली तरी तिला धाप लागायची. स्कॅन काढला, रिपोर्ट यायचा होता. पण प्रोफेसरला कुठला दम निघतोय? त्याने तो स्कॅन आपल्याच प्रोग्रॅममध्ये घातला. उत्तर आलं, गाठ नाही. लगेच फोन.

“ताई, काही नाहीये. निवांत झोप.”

“तुझा प्रोग्रॅम म्हणतोय ना? मग झालं तर,” ताई म्हणाली. बिचारी खरंच निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून रेडिओलॉजिस्टचा फोन आला. हा कॉलेजपासूनचा दोस्त, तोंडाचा फटकळ.

“ताईंना परत घेऊन ये. गाठ आहे.”

“छे! माझ्या प्रोग्रॅमने तर...”

“अरे शहाण्या, त्यांना श्वास रोखता आला नाही, फोटो हललाय. हललेल्या फोटोत तुझ्या प्रोग्रॅमला ओ की ठो कळत नाही. असले फोटो मी त्याला दाखवतच नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. गाठ लहान आहे, काढता येईल. आधी एक बरा फोटो मिळू दे.”

प्रोफेसरने आपला गाजलेला निबंध उघडला. मधेच कुठेतरी एक वाक्य होतं: ज्यांना श्वास रोखता आला नाही, त्यांचे फोटो वगळले. आठवलं त्याला. त्या फोटोंमुळे प्रोग्रॅमचे निकाल घसरत होते. ते काढून टाकले, निकाल झकास आले, निबंध छापून आला. कुणी हटकलं नाही.

मग त्याने दाखला देणाऱ्यांचे लेख वाचायला घेतले. इतक्या वर्षांत हे कधी केलंच नव्हतं, नुसता आकडा बघून खूश व्हायचा. वाचता वाचता तोंडचं पाणी पळालं. प्रोग्रॅमशी कुणाला देणंघेणं नव्हतं. जो तो लिहीत होता, ‘हललेले फोटो प्रथेप्रमाणे वगळले,’ आणि पुढे दाखला म्हणून याचं नाव. एक मेंढरू खड्ड्यात गेलं, बाकीची मागोमाग. हा झाला समाजावरचा परिणाम! त्याला स्वतःची शिसारी आली.

हॉस्पिटलच्या बाकावर ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आपल्याला पुन्हा का बोलावलंय, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. गाठीचं, वगळलेल्या फोटोंचं, मागोमाग गेलेल्या मेंढरांचंही. ती रडली नाही, चिडलीही नाही. गाठीबद्दल एक शब्द विचारला नाही. तिने वेगळंच विचारलं.

“म्हणजे ज्यांना दम लागतो, त्यांनाच बाहेर काढलंत?”

“हो.”

“अरे, मग छाती तपासायला दुसरं येतं तरी कोण?”

तेवढ्यात आतून ताईला हाक आली, आणि ती धापा टाकत उठली.