दुरुस्तीयोग्य

त्याने बहिणीला खिडकीजवळ बसू दिलं नाही. दाराला लागून असलेल्या बाकावर तिला बसवलं, तिची पिशवी आपल्या पायांत घेतली आणि समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. बस अजून स्टँडातून बाहेरही पडली नव्हती.

"दादा, विमान नाहीये हे," बहीण म्हणाली.

तो हसला. हसायला हवं होतं म्हणून हसला.

"शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला कधी आला नाहीस, आणि आज रजा टाकून आलायस. तिथे सगळे म्हणतील, नर्सबाई भावाला घेऊन रुजू झाल्या."

"म्हणू देत की."

ओढ्यापलीकडच्या आरोग्य केंद्रात तिला पहिली नोकरी लागली होती आणि उद्यापासून रोज याच बसने जा-ये करायची होती. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आईने शेजारीपाजारी सांगून घर डोक्यावर घेतलं होतं. त्याने मात्र कागदावरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. आनंद झालाय असं दाखवायला तो उगाच पेढे आणायला बाहेर पडला होता.

तो रस्ते विभागात कनिष्ठ अभियंता होता. गेल्या वर्षी भागातल्या लहानमोठ्या रस्त्यांची आणि पुलांची पाहणी त्यानेच केली होती. प्रत्येक पुलासाठी एक फॉर्म आणि फॉर्मवर तीन चौकटी: सुस्थितीत, दुरुस्तीयोग्य, धोकादायक. ओढ्यावरच्या पुलाखाली तो उतरला तेव्हा मधल्या खांबाच्या भेगेत त्याचा हात मनगटापर्यंत गेला होता. काय लिहायचं याबद्दल शंका नव्हती. पण त्या वर्षी निधी आला होता तो फक्त देखभाल-दुरुस्तीचा. धोकादायक पुलाला दुरुस्ती चालत नाही, तो नवाच बांधावा लागतो. नव्या पुलाचा निधी वेगळा, त्याची रांग वेगळी, आणि त्या रांगेतले काही प्रस्ताव त्याच्या नोकरीपेक्षा जुने होते.

"धोकादायक लिहिलंस तर बस उद्याच बंद," साहेब म्हणाले होते, "आणि पूल होईल तुझ्या निवृत्तीला. दुरुस्तीयोग्य लिही. त्या लोकांच्या पदरात काहीतरी पडू दे."

साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. दोघांनीही चांगल्या मनाने ती चूक केली. दुरुस्तीयोग्यच्या चौकटीत खूण झाली, खाली त्याची सही झाली आणि निधी आलाही. त्यातून पुलावर नवंकोरं डांबर पडलं, कठड्यांना पांढरा रंग लागला. खांबाची भेग मात्र तशीच राहिली, कारण मंजूर काम पृष्ठभागाचं होतं. पूल असा नटला की बघायला आलेल्या वरिष्ठांनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतले.

या गोष्टीला सात महिने झाले होते. सात महिने तो सकाळी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उघडत होता, कारण अपघाताच्या बातम्या पहिल्या पानावर असतात. घरात त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिणीला सांगायचं तर काय सांगायचं? नोकरी सोड? आणि का, हे विचारलं तर?

बस भरली होती. मागे कुणीतरी जावयाचे किस्से सांगत होतं आणि चारपाच बायका खिदळत होत्या. त्याने माणसं मोजायला सुरुवात केली आणि तिसावर आल्यावर घाईने थांबला. बहीण शेजारच्या आजींना केंद्र किती वाजता उघडतं ते विचारत होती. पूल आला की तिला दारातून बाहेर ढकलायला किती वेळ लागेल, याचा हिशोब तो करत होता, आणि आपण फक्त तिचाच हिशोब करतोय याची लाजही वाटत होती.

वळण संपलं आणि पांढरे कठडे दिसले. त्याने बहिणीचं मनगट धरलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "हात किती गार पडलाय तुझा."

बस थांबली.

पुलाच्या बरोबर अलीकडे, रस्त्याच्या कडेला घेऊन, ड्रायव्हरने ती थांबवली. कंडक्टरने दार उघडलं. माणसं उठली, पिशव्या उचलल्या, म्हाताऱ्यांना हात दिला आणि एकामागून एक उतरू लागली. जावयाचा किस्सा उतरता उतरताही चालूच होता.

"काय झालं? बिघडली का?" बहिणीने आजींना विचारलं.

"नाही गं. पुलाला उतरायचं असतं. आपण चालत जायचं, गाडी मागून रिकामी येते. तिकडे गेलं की परत बसायचं."

"पण पूल तर नवा दिसतोय."

"दिसतोय खरा."

सगळे उतरले होते. तोही उतरला. पलीकडे चालत निघालेल्यांच्या मागे जायचं सोडून तो तिथेच उभा राहिला.

"आजी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्याने विचारलं. "पाटी तर कुठे नाहीये."

"सांगायला कशाला हवं कुणी? गेल्या वर्षी मोजायला साहेब आला होता. टोपी घातलेला, असाच तुझ्यासारखा शिडशिडीत. खाली उतरून बघितलं त्याने बराच वेळ. मग वर आला, गाडी तिथे झाडाखालीच ठेवली आणि पलीकडे चालत गेला. येताना पण चालतच आला." आजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तेव्हापासून आम्ही पण चालतो."

गाडी कुठे ठेवली होती, हे त्यालाच आठवत नव्हतं. आता आठवलं.

बहीण त्याच्याकडे बघत होती. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, आणि मग आईला सांगायची नाही.

मागे बसचं इंजिन सुरू झालं. रिकाम्या बसमध्ये ड्रायव्हर एकटा होता. त्याने आपल्या बाजूचं दार उघडं ठेवलं होतं आणि एक पाय पायरीवर काढून ठेवला होता.

हे दिसताच तो आजींजवळून धावत ड्रायव्हरच्या दाराशी गेला. "थांबा. नेऊ नका गाडी."

"तुम्ही कोण?"

"रस्ते विभाग." त्याने उघडं दार धरून ठेवलं. "तो मोजायला आलेला... मीच."

ड्रायव्हरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तो रागावला नाही.

"तोंडी नका सांगू साहेब. तोंडी मीही डेपोत दोनदा सांगून बघितलं. त्यांनी तुमचाच कागद दाखवला. म्हणाले, पूल दुरुस्तीयोग्य होता आणि दुरुस्त झालाय, सही आहे. लेखी आहे का काही?"

त्याने खिसे चाचपले. पाठीमागून बहिणीचा हात पुढे आला. त्यात तिची कोरी वही होती आणि नव्या नोकरीसाठी घेतलेलं पेन. त्याने बसच्या गरम पत्र्यावर वही टेकवली आणि लिहिलं: पूल धोकादायक आहे, वाहतूक आजपासून बंद करावी. खाली पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला, सही केली.

"म्हणजे उद्यापासून गाडी इथवरच का?" आजींनी विचारलं.

"हो, आजी."

"आणि पूल कधी?"

त्याने वहीतला कागद फाडून ड्रायव्हरच्या हातात दिला. केंद्र तिथून पाच किलोमीटर होतं. बहिणीने पुढच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं, खाली वाकली आणि चपलेचा पट्टा घट्ट केला.

ड्रायव्हरने कागद दोनदा वाचला. घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मग त्याने इंजिन बंद केलं आणि चावी काढायला गेला, पण हात इतके थरथरत होते की ती निघेना. शेवटी कंडक्टर चढला आणि त्याने ती काढून दिली.