पाचशे नव्वद

रिपोर्ट बाबांच्या मोबाइलवर आला आणि मी तो अक्षरशः हिसकावून घेतला. घरातली अर्धी डॉक्टर मीच ना! दहावीत गेल्यापासून बाबांच्या हृदयाचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. गोळ्यांचा डबा मी भरते, सकाळचं वजन मी लिहिते. हृदयावर ताण आला की रक्तात एक घटक वाढतो, त्याचा आकडा तर मला माझ्या मार्कांपेक्षा जास्त पाठ. गेल्या वेळी तो चार हजार सहाशे होता. डॉक्टर म्हणाले होते, "असाच चढत राहिला तर नुसत्या गोळ्यांवर फार काळ निघणार नाही." म्हणून मोठ्या हॉस्पिटलात गुरुवारची वेळ मिळाली होती. हृदयाला हातभार लावणारं यंत्र बाबांना बसवता येईल का, हे तिथे ठरणार होतं.

आणि आता? पाचशे नव्वद!

मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. आईने ओल्या हातांनी माझे गाल धरले.

"नीट बघितलंस ना, डॉक्टरीणबाई?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मला आकडे वाचता येतात हो!"

"मग गुरुवारी तिथे जाऊन काय त्यांची तोंडं बघायची? मला छाती चिरून घ्यायची हौस नाही."

खरंच की! फोन मीच लावला, मोठ्या बाईसारखा आवाज काढून. "पेशंटची तब्येत सुधारली आहे. वेळ रद्द करा."

"नक्की ना? मागे रांग आहे," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"अगदी नक्की." काय रुबाबात म्हणाले मी!

बाबा काच कापतात. वर्षभर मालकांनी त्यांना फोनपाशी बसवलं होतं आणि कारागीर त्यांना 'ऑपरेटरताई' म्हणून चिडवायचे. सोमवारी ते पुन्हा कापायच्या टेबलाशी उभे राहिले. घरी येऊन एवढे हसले, की आईने दार लावून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना बूट चढेनात. चार दिवसांत वजन तीन किलोंनी वाढलं. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले. नेहमीची लॅब बंद होती म्हणून या वेळी रक्त दुसरीकडे दिलं होतं. आकड्यापुढचं बारीक अक्षर मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. माप वेगळं होतं. जुन्या मापात आणायला जवळजवळ साडेआठने गुणायचं. मी वहीच्या मागच्या पानावर तीनदा गुणलं. तिन्ही वेळा पाच हजारच.

आई कामावर असताना बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, पाय दाबले, लघवीची गोळी दुप्पट केली. "आणि त्या गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलात काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला. पुढची वेळ चार महिन्यांनी.

"चार महिने निघतील?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. "जड उचलायचं नाही. मीठ बंद."

जिन्यात बाबा प्रत्येक पायरीवर थांबत होते. मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं."

"चुकलं म्हणून सुटू नकोस. आईला एक अक्षर कळता कामा नये. पाय सुजले ते उभं राहून, समजलं?"

"पण बाबा—"

"रडायचं नाही. नाचत गेली होतीस ना स्वयंपाकघरात? आता चार महिने तशीच नाच." मग कठड्याला टेकून श्वास घेत म्हणाले, "तेवढ्यात मी आटोपलो, तर पुढे नाच थांबवायला हरकत नाही."

संध्याकाळी आई आत्याशी फोनवर बोलत होती. "अगं, मला ते कळत नाही, हिलाच विचार," म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला.

बाबा समोरच बसले होते. माझ्याकडे बघत होते.

"पाचशे नव्वद, आत्या!" मी म्हणाले. "हो गं! चार हजारांवरून!"

"हळू बोललीस," बाबा म्हणाले. "तिला कमी ऐकू येतं. पुन्हा सांग."