टोपऱ्याची शेवटची ओळ

माझ्या चोचीच्या खाली, साधारण तीन मिलिमीटरवर, एक आडवा ओरखडा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लोकर त्यावरून सरकताना मात्र एखादा तंतू अडकतो आणि धरणाऱ्या बोटांना हलकासा झटका बसतो. वीस टाक्यांतून एकदा. रुचा मला घेऊन विणायला बसली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे तिच्या लक्षात आलं. तिने मला दिव्याखाली धरलं, फिरवलं, आणि म्हणाली, "इथे काहीतरी आहे." कारण सापडेपर्यंत ती थांबत नाही. मीही तशीच, फक्त मी जरा जास्त संशयी आहे.

मित्रांनो, मी क्रोशाची जुनी सुई आहे. सुई म्हणतात खरं, पण मला नेढं नाही. पुढे पक्ष्याच्या चोचीसारखा आकडा आहे. रुचाच्या वडिलांनी, हेमचंद्रांनी, नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये उरलेल्या स्टीलच्या गजातून मला लेथवर उतरवलं, आपल्या बायकोसाठी. तिच्या हातात मी वीस वर्षं होते. टीपॉयवरचे रुमाल, दारावरची तोरणं, टीव्हीचं झाकणसुद्धा मी विणलं. शेजारणी विचारायच्या, "सुई कुठून आणलीत हो?" तेव्हा मी मनातल्या मनात चमकायचे.

मग त्या माउली गेल्या. आठवण म्हणून रुचाने मला सासरी, सावेडीच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं. तिथून मी बाहेर निघायचे ती परकराची नाडी ओवायला. एकदा तर मोरीच्या जाळीतले केस काढायला मला नेलं. तो ओरखडा त्याच दिवशीचा. तेव्हापासून माझ्याकडे कुणी हात पुढे केला, की हे कशासाठी, हाच विचार माझ्या मनात आधी येतो.

म्हणून चार महिन्यांपूर्वी रुचाच्या सासूबाई, सुनीतीबाई, एक जुनी वही घेऊन आल्या तेव्हा मी सावध झाले. वही त्यांच्याच अक्षरातली होती. "यात टोपऱ्याचं आहे. बघ जमलं तर," एवढंच त्या म्हणाल्या. देताना त्यांनी रुचाकडे पाहिलंही नाही.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. रुचा आणि तिचा नवरा धवल यांनी दोन वर्षांपूर्वी बाळ दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं होतं. सुनीतीबाईंनी ना हो म्हटलं, ना नाही. विषय निघाला की त्या "बघू" म्हणायच्या आणि गॅस बारीक करायला उठायच्या. रुचाने धवलला स्पष्ट सांगितलं होतं, "आजीला नको असलेल्या घरात मी बाळ आणणार नाही. आईंच्या तोंडून 'हो' ऐकू दे, मगच."

वहीतला मजकूर असा होता:

बारा खांब, गोल.
दर घरात दोन.
एक सोडून दोन.
दोन सोडून दोन. असंच बहात्तरपर्यंत.
मग सरळ आठ फेऱ्या.
उरलेलं नंतर.

खांब म्हणजे उभा टाका आणि घर म्हणजे खालच्या फेरीतली तो घालायची जागा, एवढं रुचाला आईमुळे माहीत होतं. पण 'एक सोडून दोन' म्हणजे काय? तिने एक घर रिकामं सोडलं आणि पुढच्या घरात दोन खांब घातले. चोवीसचे चोवीसच राहिले आणि टोपऱ्याची वाटी झाली. तिने ते उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, ही वही लबाड आहे.

रुचा कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. तिने मला व्हर्नियरमध्ये धरून मोजलं, अडीच मिलिमीटर. मग कागदावर उलटा हिशेब मांडला. बारा, चोवीस आणि शेवटी बहात्तर. म्हणजे दर फेरीला बाराच वाढायला हवेत. तेव्हा उलगडलं. घर रिकामं सोडायचंच नाही. एका घरात एक खांब, पुढच्यात दोन. त्या रात्री मी वीस वर्षांनी तरुण झाले.

आठ सरळ फेऱ्या झाल्या. रुचाने कडेचा घेर मोजला. सेहेचाळीस सेंटीमीटर! नवजात बाळाचं डोकं पस्तीसच्या आसपास असतं. तिने घरातला तेवढ्याच घेराचा नारळ शोधून टोपरं त्याला घातलं. ते घसरून नारळाचे तिन्ही डोळे झाकून बसलं.

केर काढायला आलेल्या रंगुबाई ते बघून हसत सुटल्या. "वैनी, नारळाचं बारसं हाय का काय?"

"माप चुकतंय, रंगुबाई. आणि पुढे 'उरलेलं नंतर' लिहून पान कोरं सोडलंय."

रंगुबाईंनी सुनीतीबाईंच्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. "चुकलं न्हाई, ठिवलंय. आमच्या खर्डा गावात आत्याबाई लई झ्याक लोणचं घालायची. इचारलं की समदं सांगायची, पन मिठाचं न्हाई. जुन्या बाया एक गोष्ट पोटातच ठिवत्यात."

"आई तशा नाहीत."

"नसतील. मग इचारा की."

रुचाने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती सासूबाईंना निरखू लागली. त्या वहीवरून हात फिरवून वही मिटतात, टोपरं दिसलं की नजर वळवतात, हे तिने टिपलं. मला तर शंकाच उरली नाही. या बाईला बाळ नको आहे. म्हणूनच टोपरं पुरं होऊ नये अशी सोय तिने केली आहे.

गुरुवारी दत्तक देणाऱ्या संस्थेतून फोन आला. आठ महिन्यांची मुलगी होती. शनिवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं. धवलने आईला सांगितलं. सुनीतीबाई गॅस बारीक करायला उठल्या. मग म्हणाल्या, "बघू."

शनिवारी सकाळी साडेनऊला रुचाने टोपरं, वही आणि मला, तिघांना सासूबाईंपुढे ठेवलं.

"आई, शेवटची ओळ तुम्ही मुद्दाम लिहिली नाहीत का?"

"हो. मुद्दामच."

ऐकलंत, मित्रांनो? मला वाटलं, माझा संशय खरा ठरला. पण रुचाने आणखी एक प्रश्न विचारला. तो मला सुचला नसता.

"का?"

सुनीतीबाई टोपऱ्याची कड बोटांनी चाचपत राहिल्या. "धवलच्या आधी एक बाळ होतं. मी हौसेने सातव्या महिन्यातच टोपरं पुरं केलं. बंद ओवले, गाठ मारली, खुंटीला लावलं. टोपरं राहिलं गं, बाळ आलं नाही. त्यानंतर कितीजणींना विणून दिलं, पण शेवटची ओळ बाळाला बघितल्यावरच. वहीतसुद्धा लिहवली नाही. तू शास्त्र शिकलेली, हसशील मला."

"नाही हसणार." रुचा जवळ सरकली. "आणि तुमचं 'बघू'? तेही तसंच?"

"मग काय! हो म्हणायचं आणि पोर यायचंच नाही, हे पुन्हा नको होतं मला. तुला वाटलं, मला नकोय?"

रुचाने मान खाली घातली. मलाही मान असती तर मी घातली असती.

"घे सुई," सुनीतीबाई म्हणाल्या. "ही पोर तर जगात आलेलीच आहे, आता कशाला थांबायचं? एक खांब, एक साखळी, एक घर सोड. या वेळी खरंच रिकामं सोड हं! कडेला सगळी भोकं होतील. त्यातून बंद ओवायचा. ओढला की लहान, सोडला की मोठं. बाळ वाढतं, तसं टोपरं वाढतं."

माप चुकलंच नव्हतं. शेवटची फेरी झाली आणि बंद ओवायची वेळ आली. तो मीच ओढून घेतला, एकेका भोकातून. नाडी ओवून ओवून हात बसला होता ना! ज्या कामाचा मी इतकी वर्षं राग धरला, तेच उपयोगी पडलं. ओरखड्याने एकदाही धागा अडवला नाही.

"गाठ मारू?" रुचाने विचारलं.

"नको. ती तिच्या हनुवटीखाली मारू."

मित्रांनो, तुमच्या घरातही बटणांच्या डब्यात माझ्यासारखं कुणी पडलं असेल. त्याला पुसा, कोरडं ठेवा, त्याच्या कामाला लावा. आणि घरातलं कुणी अर्धंच बोलून गप्प राहत असेल, तर माझ्यासारखा लांबून तर्क करू नका. जवळ बसून विचारा.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. सुनीतीबाईंनी चष्मा पुसला, टोपरं मांडीवर घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या धवलला हाक मारली.

"धवल, लाव फोन. सांग त्यांना, माझी नात आहे ती. आम्ही न्यायला येतोय."