ताईला सांगितलेलं

मोटार चालवायला शिकवणाऱ्या सरांना त्यांचे विद्यार्थी ब्रेकसर म्हणायचे. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसून त्यांनी आयुष्यभर इतके ब्रेक दाबले होते, की घरी जेवतानाही त्यांचा पाय मधूनच जमिनीत रुतायचा. आता त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झकास झालं. भुलीमुळे आणि वयामुळे डोक्यात थोडा गोंधळ राहील, तो निवळेल.

थोडा कसला! सरांच्या डोक्यात पार चक्काजाम झाला होता. सकाळ की संध्याकाळ, पत्ता लागेना. छातीवरची पट्टी चाचपून ते पुटपुटले, "सीटबेल्ट फार आवळलाय."

तेवढ्यात व्यायाम करून घेणारी फिजिओ आली. "काका, आज उठून खुर्चीत बसायचंय. ही उशी छातीशी धरा. हातांवर जोर द्यायचा नाही हं, छातीचं हाड अजून जुळायचंय."

"लायसन्स आणलंस का?" सरांनी विचारलं.

"घरी राहिलं."

"मग मी नाही बसत तुझ्या शेजारी."

"नका बसू. नुसते उभे राहा."

हे त्यांना पटलं. पाय खाटेवरून खाली सोडून, उशी कवटाळून ते उभे राहिले. खोकल्याची उबळ आली तेव्हा छातीतून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. फिजिओने सांभाळून खुर्चीत टेकवलं. कुणीतरी ओल्या रुमालाने घाईघाईने त्यांचं तोंड पुसलं. असं खसाखसा पुसणारी एकच बाई त्यांना ठाऊक होती.

"ताई! तू कधी आलीस?"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन कैक वर्षं लोटली होती. शेजारी बसली होती ती त्यांची बायको.

"अहो, मी..." बायको गडबडली.

"हळू बोल, ही ऐकेल," सर कुजबुजले. "हिला सांगू नकोस, पण मला भीती वाटतेय गं. ऑपरेशन दाढ काढण्याइतकं सोपं आहे असं मी हिला सांगितलं, पण ती नुसती थाप होती. उभा राहिलो ना, की वाटतं, ती नवी झडप आतल्या आत निखळून पडेल."

ताईने त्यांचा हात घट्ट धरला. हा हात ताईचा नाही, असं त्यांना कुठेतरी जाणवत होतं. मग कुणाचा, ते काही केल्या आठवेना. आठवता आठवता त्यांचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी डोकं बरंच ताळ्यावर आलं. एका बाजूला फिजिओ, दुसऱ्या बाजूला बायको, अशी सरांची वरात व्हरांड्यातून निघाली.

"मला ओळखलंत ना?" बायकोने विचारलं.

"न ओळखायला काय झालं? संसार केलाय तुझ्याबरोबर." पण दोन पावलं गेल्यावर ते थबकले. "अगं, काल ताई आली होती का?"

"ताई कुठून येणार आता?"

"मग मी बोललो कुणाशी?"

बायको समोर बघत म्हणाली, "माझ्याशी."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. काय काय बोललो, नीट आठवत नव्हतं. जेवढं आठवत होतं, ते खरंच बोललो की स्वप्नात, तेही कळेना. विचारावं, तर पंचाईत. न विचारावं, तर जिवाला घोर.

"झडप टाके घालून बसवलीय. चालून-बिलून निखळत नाही," बायको म्हणाली. "मी काल संध्याकाळी डॉक्टरांना गाठून विचारून आले."

"म्हणजे सगळं ऐकलंस तर."

"मलाच आधी सांगितलं असतंत, तर आधीच विचारलं असतं."

आपल्याला लाज वाटतेय की हलकं वाटतंय, याचा सरांना उलगडा होईना. फिजिओ म्हणाली, "दमलात का काका? परत फिरू या?"

"थांब गं जरा," सर म्हणाले, आणि बायकोकडे वळले. "आणखी काय काय म्हणाले डॉक्टर?"