तीन खाचा

चाटू म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, मित्रांनो? नसलं तरी लाज वाटून घेऊ नका. चमचा सगळ्यांच्या ओळखीचा असतो, कारण तो तोंडात जातो. मला तो मान कधी मिळाला नाही. मी मोठ्या पातेल्यात जातो, अगदी तळापर्यंत. लांब दांडा, खाली वल्ह्यासारखं चपटं पातं आणि कडेला एक जुना करपल्याचा डाग, असा मी म्हातारा लाकडी चाटू आहे. बोलण्याची मला सवय नाही. पण गेल्या वर्षी इतके महिने गप्प लटकून काढलेत, की आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म वादळामुळे झाला. घराच्या कुंपणाशी तुतीचं एक झाड होतं, ते एका दुपारी आडवं झालं. त्या घरात एक सुतार राहत असे. गल्लीतले सगळे त्याला मिस्त्री म्हणत आणि त्याच्या बायकोला काकू. नवं लग्न होतं. मिस्त्रीने त्या झाडाची एक सरळ फांदी निवडली, ती सावलीत वाळवली, तासली, रंधली आणि दोन दिवस पॉलिश पेपरने घासत बसला. माझा दांडा इतका गुळगुळीत झाला की त्यावरून माशीचा पाय घसरावा. काकूने मला हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, बरा आहे. तिच्या तोंडून 'बरा' निघणं म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. 'छान' हा शब्द मी तिच्या तोंडून आयुष्यात दोनदाच ऐकला.

घरामागे परसबाग होती. घरात भाजी विकत आणायची नाही, वाफ्यात असेल ते पातेल्यात जाईल, असा काकूचा नेम होता. त्यामुळे माझं वर्ष कॅलेंडरवर चालत नसे. थंडी पडली की मटार आणि गाजरं. पाऊस लागला की पालेभाज्या, त्याही चिखल धुता धुता नको होईपर्यंत. मग दुधी. एकदा दुधीचा वेल असा काही पिसाळला की तीन आठवडे घरात दुसरं काही शिजलं नाही. मिस्त्री जेवायला बसताना विचारायचा, आज काय आहे? दुधी. आणि उद्या? उद्या त्याचा धाकटा भाऊ. काकूला हसू यायचं, पण ती ते पदराआड करायची आणि वर आणखी एक डाव वाढायची.

आणि सगळ्यात शेवटी, ऊन तापलं की टोमॅटो. तेव्हा माझी खरी कमाई. टोपल्याच्या टोपल्या घरात यायच्या. काकू ते धुवायची, चिरायची आणि जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात टाकून तासन्‌तास आटवायची. हा आटवलेला रस बाटल्यांत भरला की वर्षभर पुरायचा. पाव त्यात बुडवा, भात त्यात कालवा, नाहीतर नुसता वाटीत घेऊन प्या. घरची लेक लहानपणी तापाने फणफणली की दुसरं काही तोंडात घ्यायची नाही, तो रस मात्र घ्यायची.

पण मित्रांनो, आटवणं म्हणजे नुसतं ढवळणं नव्हे. कधी थांबायचं हे कळलं पाहिजे. काकूकडे वजनकाटा नव्हता आणि घड्याळाकडे बघायची सवयही नव्हती. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात तिने भाजीची सुरी घेतली आणि माझ्या दांड्यावर तीन खाचा पाडल्या. मला पातेल्यात उभं करायचं. वरच्या खाचेपर्यंत टोमॅटो भरायचे. आटत आटत मधल्या खाचेला आलं की लसूण आणि मीठ. खालच्या खाचेला टेकलं की गॅस बंद. झालं, एवढंच तिचं शास्त्र.

संध्याकाळी मिस्त्री कामावरून आला आणि त्याने माझा दांडा पाहिला. दोन दिवस घासलेल्या लाकडावर तीन वाकड्या खाचा! त्याचा चेहरा असा पडला, जसं कोणी त्याच्याच अंगावर सुरी चालवली असावी.

"अगं, काय केलंस हे?"

"तुमची मोजपट्टी खिशात असते," काकू म्हणाली. "माझी पातेल्यात."

त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला. पण खाचांचा विषय निघाला की पुढची कितीतरी वर्षं तो नाक मुरडायचा.

अशी माझी वर्षं गेली. टोमॅटोचा रस खाचांमध्ये मुरत गेला आणि त्या तपकिरी होऊन गेल्या. लेक मोठी झाली, नोकरीला लागून दुसऱ्या शहरात राहायला गेली. मिस्त्रीने हत्यारं पेटीत ठेवली आणि घरी बसला. काकू मात्र बसली नाही. तिचे गुडघे कुरकुरायचे, ती त्यांच्यावर डाफरायची आणि वाफ्यात उतरायची.

गेल्या वर्षी तिने टोमॅटोची बावीस रोपं लावली. शेवटच्या रोपाला पाणी घालून आत आली, हात धुतले, तांब्याभर पाणी प्यायली आणि जरा पडते म्हणून आडवी झाली. ती उठली नाही. मी ओट्यावर होतो. सकाळचं पातेलं तिने माझ्यानेच ढवळलं होतं आणि मी अजून पुरता वाळलोही नव्हतो.

माणसं आली, गेली. लेक आठ दिवस राहून कामावर परतली. घर एकदम मोठं झालं. मग एका सकाळी मिस्त्रीने मला उचललं आणि मागच्या पडवीत नेलं. किती महिन्यांनी त्याने हत्यारांची पेटी उघडली होती! मला वाटलं, आता काहीतरी काम निघणार. पण त्याने पॉलिश पेपर काढला आणि मला घासायला बसला. आधी खरखरीत, मग बारीक. घासताना तो रडत होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला दोष द्याल. बायकोची आवडती वस्तू तो पुन्हा नव्यासारखी करत होता. दुसरं काय करावं, ते त्याला सुचत नव्हतं. करपल्याचा डाग तेवढा हट्टाने राहिला. दांडा मात्र सगळ्या बाजूंनी जरासा उतरला. खाचा गेल्या. लाकडाची भुकटी अंगात बसून मी पांढराफटक झालो. तेलाचा हात द्यायचं त्याच्या मनात होतं, पण त्याच्याने ते झालं नाही. दांड्याला भोक पाडून त्याने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, मान मिळाला की सुख मिळतं, असं कोणी सांगितलं तर माझ्याकडे पाठवा. मला रोज सकाळी फडक्याने पुसलं जाई. पण खाली शेगडीवर फक्त चहा व्हायचा. मिस्त्री बेकरीतला पाव चहात बुडवून खायचा, सकाळी आणि संध्याकाळीसुद्धा. मटारच्या शेंगा वेलावरच पिवळ्या पडल्या. पालक फुलावर आला, त्याला कोणी हात लावला नाही. मोठं पातेलं माळ्यावर पालथं पडलं होतं. आम्ही दोघं एकाच घरात होतो, पण भेट नव्हती. वाफ कशी असते, ते मी विसरायला लागलो. बावीस रोपांना तेवढं तो न चुकता पाणी घालायचा. बाकी दिवसभर घरात नळाचा आणि घड्याळाचा आवाज. मला फार एकटं वाटायचं आणि त्यालाही वाटत असणार, पण एकमेकांना सांगायची आमची सोय नव्हती.

ऊन तापलं. रोपं लाल झाली. एका रविवारी लेक बसने आली, टोपली घेऊन मागे गेली आणि भरून घेऊन आली. म्हणाली, बाबा, आईच्या हातचे हे शेवटचे टोमॅटो. यांचा रस आपणच करायचा. मिस्त्रीने मान हलवली आणि माळ्यावरून पातेलं उतरवलं. लेकीने खिळ्यावरून मला काढलं, उजेडाकडे धरलं, बोटाने चाचपलं. मग पुन्हा चाचपलं.

"बाबा, खाचा कुठे गेल्या?"

"घासल्या," मिस्त्री म्हणाला. "मला वाटलं, चांगला दिसेल."

लेक रागावली नाही. ती स्टुलावर बसली आणि मला मांडीवर घेऊन नुसती बघत राहिली. काकूने ते माप दुसरीकडे कुठे लिहिलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नव्हतं. सांगायची गरज काय, मी होतोच की! मिस्त्रीने मला तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं. एकदा याची नासाडी केली, आता याला पातेल्यात घालून आणखी खराब करणार नाही, असं तो म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं. मला सगळं ठाऊक होतं, कुठवर भरायचं, कुठे थांबायचं. पण मी लाकूड, मी काय बोलणार?

पहिल्या रविवारी त्यांनी स्टीलच्या डावाने ढवळलं. पातेलं काठोकाठ भरलं, ते उतू गेलं. मग खूप वेळ ठेवलं, ते करपलं. दुसऱ्या रविवारी करपण्याच्या धास्तीने लवकर उतरवलं. रस पाणचट राहिला आणि चौथ्या दिवशी बाटल्यांची झाकणं फुगली. मिस्त्रीने तो आंबलेला रस एकेक बाटली करून झाडांच्या बुडाशी ओतला. परत आला तेव्हा तो हात न धुताच खुर्चीत बसून राहिला.

तिसऱ्या रविवारी रोपांवर होतं नव्हतं ते सगळं उतरवलं. हिरवटसुद्धा घेतलं. एक पातेलं भरेल एवढंच निघालं, तेही काठापासून चार बोटं खालीच. आता चुकलं की संपलं. दोघांनाही ते माहीत होतं.

रस उकळायला लागला. लेक डावाने ढवळत होती. पण डाव गोल, पातेल्याचा बुडाचा कोपरा त्याला कुठला सापडायला! तासाभराने खालून वास आला. हलकासाच, पण मी तो भिंतीवरूनही ओळखला. मिस्त्रीनेही ओळखला. तो उठला, त्याचा हात वर आला, आणि दुसऱ्या क्षणाला मी पातेल्यात होतो.

आहाहा! काय सांगू तुम्हाला! गरम, आंबट, लाल. माझं चपटं पातं तळावरून सरकलं, कोपऱ्यात शिरलं, लागायला आलेला थर मी खरवडून मोकळा केला. वास थांबला. मिस्त्रीने मला सोडलं नाही. तास गेला, सव्वा तास गेला. दमल्यावर त्याने सवयीने मला पातेल्यात उभं केलं, जसं तिला इतकी वर्षं करताना पाहिलं होतं, आणि कपाळ पुसलं. मग मला वर काढून दांड्यावरचा रस फडक्याने टिपला. आणि तसाच थांबला.

भिजल्याने माझ्या अंगातली भुकटी धुऊन गेली होती. ओल्या दांड्यावर तीन तपकिरी रेघा दिसत होत्या. फिकट, पण वाकड्या, तिच्याच. खाचा घासून निघाल्या होत्या, मित्रांनो. पण त्यांतून जो रस वर्षानुवर्षं माझ्या आत मुरला होता, तो कागदाला सापडला नव्हता.

"ये इकडे," मिस्त्री म्हणाला. "ओलं लाकूड काही लपवत नाही. जन्मभर हेच करत आलो, आणि पाणी लावून बघायचं मला सुचलं नाही."

लेकीने वाकून पाहिलं. रस मधल्या रेघेच्या अगदी जरासा वर होता. मधली रेघ कशाची, ते मिस्त्रीला माहीत नव्हतं. लेकीला माहीत होतं. लहानपणी चाटू दुसऱ्यांदा उभा राहिला की सोललेला लसूण मूठभर आणून द्यायचा, हे तिचं काम होतं. ती लसूण सोलायला बसली आणि सोलता सोलता नाक पुसायला लागली. मधल्या रेघेला लसूण आणि मीठ पडलं. खालच्या रेघेला मिस्त्रीने स्वतः गॅस बंद केला.

त्यांनी पावाला लावून खाल्ला. लेक म्हणाली, मीठ कणभर कमी आहे. मिस्त्रीने दुसरा पाव घेतला, मग तिसरा घेतला. खूप दिवसांनी तो पोटभर जेवला.

लेक संध्याकाळच्या बसने गेली. दिवेलागणीलाच मिस्त्रीने मला धुतलं. एका पिकलेल्या टोमॅटोच्या बिया कागदावर वाळत घातल्या होत्या, त्यांच्याशेजारी मला ठेवलं आणि पेटीतून लाकूड कोरायची आपली धारदार पटाशी काढली. रेघा सुकल्या की पुन्हा दिसेनाशा होतील, हे त्याला माहीत होतं. पटाशी माझ्या दांड्याला लावली. मग ती बाजूला ठेवली, ओट्यापाशी गेला आणि तिची भाजीची सुरी घेऊन आला.

तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणी भिंतीवर लटकत असेल, तर त्याला खाली काढा, मित्रांनो. नुसतं पुसू नका, वापरा. आणि ते कसं वापरायचं, हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला तो समोर आहे तोवर विचारून ठेवा.

इतक्या सफाईदार हाताचा सुतार, पण त्या संध्याकाळी त्याने एकही खाच सरळ पाडली नाही. तिच्या रेघेवर सुरी ठेवायची, ती वळली तिथे वळायचं, असं हळूहळू करत होता. मला दुखलं. मी हूं की चूं केलं नाही.