खिळ्याचे दात आणि मास्तरांची पट्टी

पिल्लू घरी आलं की पहिले दोन दिवस सगळं घर त्याच्यामागे वेडं होतं, आणि तिसऱ्या दिवसापासून जो तो पाय खुर्चीवर घेऊन बसतो, हे ज्यांनी पिल्लू पाळलंय त्यांना सांगायला नको. नवे दात, शिवशिवणारं तोंड! हात, पोटरी, पडदा, चपलेचा अंगठा, समोर येईल त्याचा लचका. आपल्या गोष्टीतलं पिल्लू दीड महिन्याचं असताना आलं. तपकिरी, कान पडलेले आणि दात असे अणकुचीदार की घरातल्या आठ वर्षांच्या ठकीने त्याचं नाव खिळा ठेवलं. तिच्या बापाने लगेच मान्यही केलं. दिवसभर पत्र्यात वावरणाऱ्या माणसाला खिळा हे नाव गोड वाटणारच!

ठकीचा बाप एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापायचा. लोखंडी पत्रा मशीनच्या पात्याखाली सरकवायचा, पायाने दाबायचं, खाडकन तुकडा पाडायचा, हे काम तो अठरा वर्षं करत होता. उजव्या करंगळीचा अर्धा तुकडा त्या पात्याने पहिल्याच वर्षी खाल्ला होता, म्हणून वर्कशॉपमध्ये सगळे त्याला 'साडेनऊ' म्हणत. तो चिडत नसे. उलट नव्या माणसापुढे पंजा पसरून सांगायचा, "हे गेलं माझ्या चुकीने. आणि बाकीची राहिली ना, ती मास्तरांच्या पट्टीने."

मास्तर म्हणजे तिथले जुने फोरमन. हातात कायम स्टीलची दीडफुटी पट्टी. कामगाराचा हात पात्याजवळ गेला रे गेला की मागून येऊन पेरांवर सटकन पट्टी बसायची, तीसुद्धा कडेने. कातडी फुटायची, रक्त यायचं, आणि मास्तर म्हणायचे, "पात्याने तोडण्यापेक्षा मी फोडलेलं बरं." त्या वर्कशॉपची रीतच होती ती. पुढे साडेनऊचं लग्न मास्तरांच्याच मुलीशी झालं, आणि निवृत्तीच्या दिवशी मास्तरांनी ती पट्टी जावयाच्या हातात ठेवली. जावयाने ती मोठ्या मानाने घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

त्यामुळे खिळ्याने पहिल्यांदा अंगठ्याला कचकचून दात लावले, तेव्हा साडेनऊचा हात आपोआप त्या फळीकडे गेला. नाकाडावर सटकन पट्टी! पिल्लू असं केकाटलं की समोरच्या बाई खिडकीत आल्या. नाकपुडीतून रक्ताचे दोन थेंब फरशीवर पडले.

"अहो, जीव जाईल त्याचा!" बायको धावली.

"जात नाही. माझा गेला का? तुझ्या वडिलांनी काय कमी मारलंय मला?"

तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसली.

दुसरी रीतही त्याने वर्कशॉपमधूनच आणली होती. शिफ्ट संपली की जेवण. खिळ्याला दिवसातून एकदाच खाणं, तेही साडेनऊ संध्याकाळी सहाला घरी आल्यावर, त्याच्याच हातून. "मालक कोण ते आधी पोटाला कळलं पाहिजे," असं त्याचं शास्त्र. बायकोने एकदा दुपारी पावाचा तुकडा टाकला, तर ताटली भिंतीवर आपटून त्याने घर डोक्यावर घेतलं. झालं असं की दुपार उलटली की ते चिमुकलं जनावर भुकेने सैरभैर व्हायचं. चारला ठकीच्या मोज्याला लटकायचं, पाचला बायकोच्या पोटरीला, आणि सहाला साडेनऊ दारात आला की आधी त्याच्या मनगटाला. मग पट्टी. मग ताटली. महिनाभर हेच.

मार खाऊन ते सुधारलं का? छे! आधी खेळता खेळता चावायचं, आता गुरगुरून चावायला लागलं. आधी धरून ठेवायचं, आता झडप घालून पळायचं. साडेनऊ म्हणायचा, "बेरड आहे, अजून पुरेसा बसला नाही." आणि पट्टीचा जोर वाढवायचा.

बुधवारी संध्याकाळी मात्र कहर झाला. साडेनऊने ताटली खाली ठेवायच्या आतच खिळ्याने उडी मारली. खाणं सांडलं, दात मनगटात रुतले. साडेनऊने पट्टी उचलली आणि मोजणं सोडून दिलं. पाठीवर, कानावर, तोंडावर. पिल्लू फरशीवर सांडलेल्या खाण्यात घसरत होतं, केकाटत होतं, आणि केकाटता केकाटता खातही होतं! तेवढ्यात ठकी मध्ये घुसली. "बाबा नका! बाबा नका!" म्हणत तिने पिल्लाला पोटाशी धरायला हात घातला, आणि जीव घेऊन धडपडणाऱ्या खिळ्याने तोच हात धरला. तळव्यात चार दात आरपार जावेत तसे गेले. रक्ताची धार तिच्या कोपरापर्यंत आली.

साडेनऊने पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि भिरकावून दिलं. टेबलाच्या पायावर ते धाडकन आदळलं, आणि मागचा एक पाय ओढत पलंगाखाली गेलं.

जखम नळाखाली साबणाने धुतली, दवाखाना झाला, इंजेक्शन झालं. खिळ्याची लस व्हायची होती म्हणून डॉक्टरांनी पुढच्या इंजेक्शनांच्या तारखाही लिहून दिल्या. घरी आल्यावर साडेनऊ एवढंच म्हणाला, "उद्या माझी सुट्टी आहे. पोत्यात घालून हमरस्त्यावर सोडून येतो. जगेल नाहीतर मरेल."

ठकी रडली नाही. ती पलंगापाशी जमिनीवर पालथी पडून राहिली.

गुरुवारी सकाळी साडेनऊ पोत्याचं तोंड बांधायला सुतळी शोधत होता, तोच मास्तर दारात. बायकोनेच फोन करून वडिलांना बोलावलं होतं. साडेनऊला उलट बरंच वाटलं. घरात आपल्या बाजूचं एक तरी माणूस आलं!

"या मास्तर. तुमचीच पट्टी चालवतोय, पण हा काही ऐकत नाही."

मास्तर निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जायचे. टेबलावर आलेलं जनावर धरून ठेवायचं काम. ते गुडघ्यांवर हात टेकत जमिनीवर बसले, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, ती पट्टी आणा बघू. डाव्या हातात धरा. आणि उजवा हात त्याच्या तोंडापुढे न्या."

साडेनऊने तसं केलं. पट्टी दिसताच खिळा भिंतीला चिकटला आणि त्याच्या खाली ओल पसरली. साडेनऊचा उजवा हात त्याच्या नाकापासून वीतभर होता. खिळ्याने त्याकडे पाहिलंच नाही. पट्टी इकडे गेली की डोळे इकडे, तिकडे गेली की तिकडे.

"हात दिसतोय का त्याला?" मास्तरांनी विचारलं. "महिनाभर मार खाऊन हा काय शिकला? हाताला चावू नये, हे? अहो, पट्टी कुठे आहे एवढंच शिकला."

"मास्तर, हे तुम्ही बोलताय? या पट्टीने आमची बोटं वाचली!"

"कुणाची वाचली?" म्हातारा एकदम एकेरीवर आला, वर्कशॉपमध्ये यायचा तसा. "ज्यांची बोटं गेली त्यांचा एकेकाचा चेहरा मला आठवतो. जास्त मार खाल्लेलेच होते सगळे. तुझं बोट कसं गेलं, सांग."

"माझ्या चुकीने. लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं तुझं. माझ्यावर होतं. मी मागून येत होतो, पट्टी उचलली होती. माझ्या बुटांचा आवाज तू ओळखलास, मान वळवलीस, आणि घाबरून पाय दाबला गेला. पातं खाली आलं. मी पाहिलं रे ते, डोळ्यांनी पाहिलं! आणि अठरा वर्षं गप्प बसलो. तू गावभर माझं गुणगान करत फिरलास, तेही ऐकून घेतलं."

साडेनऊच्या कानात तो खाडकन आवाज पुन्हा झाला. तेलकट पत्र्यावर पडलेला आपल्याच अंगाचा तुकडा त्याला दिसला. ज्या माणसाला आपण देव मानलं, तोच! त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. एका हाताने त्याने सासऱ्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरली, दुसऱ्या हाताने पट्टी त्या पांढऱ्या डोक्यावर उगारली.

"थेरड्या! अठरा वर्षं!"

"मार," मास्तर जागचे हलले नाहीत. "हक्क आहे तुझा. पण मारून तू मला काय शिकवणार, तेवढं सांग."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाबा, मी काही नाही केलं!"

ठकी उभी होती. बँडेज बांधलेला हात आणि साधा हात, दोन्ही डोक्यावर घट्ट धरलेले. मान खांद्यांत गेलेली. ती आजोबांकडे पाहत नव्हती, बापाच्या तोंडाकडेही पाहत नव्हती. तिचे डोळे त्या उगारलेल्या स्टीलवर खिळले होते, अगदी पलंगाखालच्या त्या पिल्लाचे होते तसे!

अरे देवा! त्या पोरीला साडेनऊने आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं! एकदाही नाही! आणि तरी ती शिकली होती.

पट्टी हातातून खणकन पडली. "ठके..." म्हणत तो दोन पावलं पुढे झाला. ठकी एक पाऊल मागे सरकली. एकच पाऊल, पण साडेनऊ तिथेच मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा रडला.

मास्तर त्याच्या शेजारी येऊन बसले. "मला हे फोरमन असताना कळलं नाही. दवाखान्याच्या टेबलापाशी कळलं. मी आवळून धरलं की जनावर चावायचं, सैल धरलं की थांबायचं. या पिल्लाला तुम्ही फार लवकर आईपासून आणलंत. भावंडांत राहिलं असतं तर शिकलं असतं. एक पिल्लू जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. तेवढीच शिक्षा."

"एवढ्याने कळतं त्याला?" साडेनऊने नाक पुसत विचारलं.

"खेळ थांबला की त्याचं जगच थांबतं, बाबा. त्याने दात लावले की ओढाताण करू नका. हात मऊ सोडा, 'आई गं' म्हणा आणि उठून जा. मिनिटाभराने परत या. चावायला त्याचं काहीतरी द्या, ओल्या फडक्याला गाठ मारून गार करून द्या, हिरड्यांना बरं वाटतं."

"आणि खाणं, अप्पा?" बायकोने विचारलं.

"खाणं तेवढंच, पण चार वेळा. अडीच महिन्यांचं पोट ते, मुठीएवढं. चोवीस तास रिकामं ठेवलंत तर ते तुमची पोटरीच खाणार! सात, अकरा, तीन, सात. दर खाण्यानंतर बाहेर न्यायचं आणि मग झोपू द्यायचं. झोप झाली नाही की पिल्लू पोरांसारखंच पिसाळतं. चार महिन्यांचं झालं की तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा."

दुखरा पाय दाखवायला खिळ्याला दवाखान्यात न्यायचं होतं. साडेनऊने हात पुढे केला, तर पिल्लू थरथरायला लागलं. शेवटी मास्तरांनीच त्याला उचललं. पाय मोडला नव्हता, मुका मार होता. साडेनऊ सगळा रस्ता दहा पावलं मागून चालत गेला.

म्हणून काय सगळं लगेच सुरळीत झालं? नाव नको! सातचं आणि अकराचं खाणं बायको द्यायची, तीनचं शाळेतून आलेली ठकी, आणि संध्याकाळी सातचं साडेनऊ. तिसऱ्या आठवड्यात खिळ्याने त्याच्या पोटरीचा असा लचका घेतला की हात वर गेलाच. हवेत थांबला. साडेनऊ लंगडत आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून वीस आकडे म्हणत उभा राहिला.

"अहो, शिक्षा नक्की कुणाला चाललीय?" बायको हसत म्हणाली.

वर्कशॉपमध्येही लोकांनी एक नवल पाहिलं. नव्या माणसाचा हात पात्याकडे सरकला की साडेनऊ लांबूनच मुख्य बटण बंद करायचा. मशीन थांबायचं, मग तो जवळ यायचा, मग बोलायचा. कुणी म्हणालं, असा वेळ घालवून काम कसं होणार? त्याने फक्त आपला पंजा पुढे धरला आणि खरी हकिगत सांगितली.

खिळा सहा आठवड्यांत शिकला. आता तो साडेनऊच्या तळहातावरून दाणा दाणा खातो, आणि चुकून दात लागला तर स्वतःच तोंड मागे घेतो. ठकीला मात्र त्याहून जास्त दिवस लागले. तिच्या डोक्यावरच्या कपाटातून काही काढायचं असलं की साडेनऊ आधी सांगायचा, "ठके, हात वर करतोय हं, डबा काढायला." ती मान हलवायची, तरी खांदे आक्रसायचेच. असे कितीतरी महिने गेले.

एका रविवारी सकाळी तो सांगायचं विसरला. हात वर केला आणि तसाच थांबला. खाली ठकी खिळ्याचे केस विंचरत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "बाबा, सरका ना, उजेड अडतोय," म्हणाली. साडेनऊ सरकला, डबा काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आला.

मंडळी, आपल्या घरात, कारखान्यात, शाळेत आजही कुणीतरी म्हणत असेल, "मी मार खाल्ला म्हणूनच घडलो." त्याला एकच विचारा, तेव्हा तुझे डोळे कामावर होते की मारणाऱ्याच्या हातावर? मार खाणाऱ्याला धोका कळत नाही, फक्त मारणारा कळतो. आणि जे फक्त बघत असतात, तेही तेच शिकतात. जनावर असो, कामगार असो की लेकरू, भुकेल्याला आधी खाऊ घाला, चुकलेल्याला थांबवा, समजावा. उगारलेला हात खाली घ्यायला कधीच उशीर झालेला नसतो, पण त्या हाताची भीती जायला मात्र फार दिवस लागतात.