वाटलेलं वाण

“कौमुदी, मडकं रितं कसं? वाण कुठाय?” पेरणीच्या सकाळी अन्नपूर्णाबाई अशी वरडली की शेजारी माझ्या हातातला चहा सांडला.

“वाटलं की, आई! संक्रांतीलाच,” सून कौतुकानं म्हणाली.

“वाटलं? आगं बया, कुणाला?”

“हळदीकुंकवाला. दवाखान्यातून तुम्हीच फोन केलात ना, वाण मडक्यात आहे म्हणून?”

आता बोला! सासूचं वाण म्हंजी भाताचं बी. सुनेचं वाण म्हंजी सवाष्णींना द्यायचं. पोरगी पुण्याची, हितं चेन्नईजवळ सिरुसेरीत कंप्युटरवर बसणारी. तिला काय ठावं?

आमी दोन्ही घरं आटपाडीकडची. सोनं गाळायच्या धंद्यापायी चेन्नईत आलो, धंदा बसल्यावर सिरुसेरीमागं तळ्याखाली रान धरलं. तळ्याचा वढा इमारतींनी बुजवला, तवापास्नं दरसाल पाणी रानात. मागल्या पावसात दुकानाचं बी समदं कुजलं. छातीइतक्या पाण्यात एकच उंच भात तगलं, त्याचं हे मडकंभर बी. अन् औंदा तर भादव्यातच तळं काठाला लागलेलं.

“आता वरीसभर खायाचं काय, माती?” म्हातारी रडाय लागली.

“परत मागूया,” मी म्हणलं.

“वाण परत मागत्यात व्हय गं? पाप लागंल.” जरा वेळानं तीच उठली. “लागू दे. चल.”

एकवीस दारं हिंडलो. म्हातारीचं कपाळ मोकळं, अशी बाई वाण परत मागतीया बघून एकीनं दारच लावलं. रेवा म्हणून एक व्हती, ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याला काही झालं तर?”

“उपाशी ऱ्हायला तर काय व्हईल, ते इचार त्याला!” मी कडाकडा भांडले.

वाण टाकत न्हाईत, म्हणून पुरचुंड्या देव्हाऱ्यात तशाच व्हत्या. दिवस मावळंस्तोवर अठरा मिळाल्या. वाटंनं म्हातारी हसत व्हती, मला लई बरं वाटलं.

उगवतंय का बघाय मूठभर बी भिजवून वल्या पोत्यात गुंडाळलं. दोन दिस गेलं, तीन दिस गेलं. एका दाण्याला मोड फुटंना.

तवा कौमुदी हळूच म्हणाली, “आई, किडे होऊ नयेत म्हणून वाटण्याआधी मी सगळं ओव्हनमध्ये भाजून घेतलं होतं.”

मला तर तिला धरून बडवावं वाटलं. अन्नपूर्णाबाई मातूर तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रडू नगं. माजंच चुकलं. बी म्हणाय पायजे व्हतं.”

दुकानाचं बी आणाय तिनं पिशवी घेतली. तळ्याचं पाणी तवर बांधावरनं आत आलं व्हतं.